शामिसेनच्या घरातली इलेक्ट्रिक गिटार

१९६५ च्या ऑक्टोबर महिन्यात जपानच्या तोचिगी प्रांतातील अशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने एक बंदी घातली. प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतील मुलांनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेऊ नये, तिच्या कार्यक्रमांना जाऊ नये आणि बँड काढू नये, असा तिचा आशय होता. अशिकागा हे टोकियो-ओसाकासारखे महानगर नव्हते. रेशमी कापडासाठी ओळखले जाणारे ते एक मध्यम आकाराचे गाव. पण बंदीची बातमी देशभर पोहोचली आणि ठिकठिकाणच्या शाळांनी व पालक-शिक्षक संघांनी तोच कित्ता गिरवला. जपानी भाषेने 'इलेक्ट्रिक' या शब्दाचे शेपूट कापून या वाद्याला 'एरेकी' असे घरगुती नाव दिले होते. एरेकी हातात घेतलेला मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा, असे समीकरण त्या वर्षी पक्के झाले.

त्या वेळी जपानमधला सर्वांत नावाजलेला एरेकीवादक होता ताकेशी तेराउची, चाहत्यांचा 'टेरी'. वय वर्षे सव्वीस. पुढच्या आयुष्यात त्यांनी अनेक तबकड्या काढल्या, पुरस्कार मिळवले, परदेशदौरे केले. पण त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे, ज्या शाळांनी या वाद्याला दार बंद केले होते, त्याच शाळांच्या सभागृहांत त्यांनी ते वाजवले. हजाराहून अधिक माध्यमिक विद्यालयांत त्यांचे कार्यक्रम झाले. बंदी ते व्यासपीठ हा प्रवास एका कलावंताच्या चिकाटीचा आहेच, पण परके वाद्य एखाद्या समाजात घरचे कसे होते, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तरही त्यात सापडते. ते उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

परके वाद्य किती परके?

एरेकी १९६० च्या दशकात अमेरिकेतून अचानक येऊन आदळली, असे तिचे विरोधक मानत. वस्तुस्थिती तशी नव्हती. गिटार जपानी लोकप्रिय गाण्यात आधीपासून मुरलेली होती. १९३१ मध्ये संगीतकार मासाओ कोगा यांच्या चालींनी देशाला वेड लावले, त्या चालींचा कणाच गिटार होता. कोगा हे मेइजी विद्यापीठाच्या मँडोलिन मंडळात तयार झालेले. त्यांच्या गाण्यांनी जे करुण, उसासे टाकणारे वळण रूढ केले, ते पुढे अस्सल जपानी भावनेचे वळण म्हणून ओळखले जाऊ लागले. विजेवर चालणारी गिटारही नवी नव्हती. हवाईमध्ये जन्मलेला जपानी वंशाचा वादक बकी शिराकाता याने १९३० च्याच दशकात हवाइयन स्टील गिटार जपानी श्रोत्यांपर्यंत नेली होती.

मग युद्ध आले. जानेवारी १९४३ मध्ये सरकारने सुमारे एक हजार अमेरिकन व ब्रिटिश गाण्यांवर बंदी घातली. १९४४ मध्ये बँजो, उकुलेले आणि स्टील गिटार या वाद्यांवरही गदा आली. म्हणजे १९६५ ची बंदी ही पहिली नव्हती. फरक एवढाच, की युद्धकाळात गिटार शत्रूची म्हणून नकोशी होती आणि शांततेच्या काळात ती पोरांना बिघडवते म्हणून. वाद्याविषयीचा संशय तोच राहिला, कारण मात्र बदलले.

१९४५ नंतर अमेरिकन सैन्याच्या तळांवरील क्लब ही जपानी वादकांची शाळा झाली. तिथे रोजगार होता आणि कानावर जॅझपासून कंट्री-वेस्टर्नपर्यंत सर्व काही पडत होते. त्यातूनच तरुणांचे कंट्री बँड निघाले. फेब्रुवारी १९५८ मध्ये टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहात 'वेस्टर्न कार्निव्हल' झाला आणि रॉकाबिलीच्या लाटेने वृत्तपत्रांना पहिल्यांदा 'तरुणाईचे काय करायचे' हा विषय पुरवला. तेराउची याच दुनियेतून आले. जिमी तोकिता यांच्या 'माउंटन प्लेबॉइज' या कंट्री बँडमध्ये ते होते. पुढे विनोदी कलावंत म्हणून घराघरांत पोहोचलेले चोसुके इकारिया हेही त्याच बँडमध्ये होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेराउचींनी 'ब्लू जीन्स' हा स्वतःचा बँड उभा केला.

पण कंट्री बँडच्याही आधीची त्यांची एक शाळा होती, ती म्हणजे त्यांचे घर. जन्म १७ जानेवारी १९३९ चा, इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा गावी. आई शामिसेनची शिक्षिका. शामिसेन हे तीन तारांचे, लांब दांड्याचे, पडद्यांशिवायचे वाद्य. खोक्यावर कातडे ताणलेले असते आणि 'बाची' नावाच्या पसरट, मोठ्या नखीने तारेवर व कातड्यावर एकाच वेळी आघात करतात. त्यामुळे शामिसेनचा स्वर छेडलेला असतो तसा ठोकलेलाही असतो. तेराउचींच्या कानाला तंतुवाद्याचा पहिला परिचय या आघाताचा होता, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

टेके-टेके

जानेवारी १९६५ मध्ये अमेरिकेचा 'द व्हेंचर्स' हा चौघांचा बँड जपानच्या दौऱ्यावर आला. १९६२ मध्ये त्यांच्यातले दोघेच येऊन गेले होते, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नव्हता. या खेपेला मात्र स्फोट झाला. व्हेंचर्सच्या वादनात एक हातखंडा लकेब होती. तार तळहाताने किंचित दाबून नखीचे झपाट्याने उलटसुलट आघात करायचे आणि त्याच वेळी डावा हात तारेवरून खाली घसरवत न्यायचा. त्यातून निघणाऱ्या आवाजाला जपानी मुलांनी 'टेके-टेके' हे नाव दिले. ते ऐकल्यावर गल्लोगल्ली मुले एरेकी शिकू लागली.

यात गाणे नव्हते, हे या लाटेचे मोठे बळ होते. प्रेस्लीची नक्कल करायची तर इंग्रजी उच्चारांची पंचाईत होती. व्हेंचर्सचे संगीत निव्वळ वाद्यांचे, म्हणजे भाषेची अडचणच नाही. टोकियोचा मुलगा आणि सिॲटलचा मुलगा इथे एका पायरीवर उभे होते. त्याच वर्षी फुजी टेलिव्हिजनने हौशी बँडची बाद-फेरी स्पर्धा सुरू केली. डिसेंबरमध्ये तोहो कंपनीचा 'एरेकी नो वाकादाइशो' हा चित्रपट आला. नायक युझो कायामा स्वतः गायक आणि संगीतकार. त्यात तेराउचींनी सोबा शेवया घरपोच देणाऱ्या पोऱ्याची भूमिका केली आहे. हा शेवयावाला पोऱ्या गिटार हातात येताच जादूगार ठरतो, असा तो प्रसंग. विनोदी चित्रपटातला हा साधा योगायोग त्या वर्षीच्या वातावरणात वेगळाच अर्थ सांगत होता. कामकरी, साधा, हसतमुख पोरगाही एरेकी वाजवू शकतो. ती वाजवणारा प्रत्येक जण गुंड नसतो.

अशिकागाची बंदी आणि हा चित्रपट यांच्यात जेमतेम दोन महिन्यांचे अंतर आहे.

जवारी आणि सावारी

लाटेबरोबर नकलाकारही पुष्कळ आले. तेराउचींनीही सुरुवातीला सर्फ संगीताच्या तबकड्या काढल्या आणि त्यातले कौशल्य कोणाहून कमी नव्हते. ते केवळ तिथेच थांबले असते, तर आज व्हेंचर्सचे एक तरबेज जपानी अनुयायी एवढीच त्यांची नोंद राहिली असती. वेगळेपण आले ते लोकगीतांमुळे. १९६६-६७ च्या सुमारास त्यांनी जपानी लोकसंगीतातल्या चाली एरेकीवर वाजवायला घेतल्या. त्यांतली 'त्सुगारू जोंगारा बुशी' ही सर्वांत लक्षणीय.

त्सुगारू हा मुख्य बेटाच्या उत्तर टोकाचा, आओमोरी प्रांतातला बर्फाळ, गरीब मुलूख. तिथली शामिसेनची शैली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारोदार फिरून पोट भरणाऱ्या अंध वादकांनी घडवली. दारात उभे राहून, थंडीवाऱ्यात, पाच-दहा मिनिटांत घरच्यांचे लक्ष वेधायचे तर नाजूक वादन उपयोगाचे नाही. म्हणून जाड दांड्याचे वाद्य, जोरकस आघात, चढत जाणारी लय आणि वादकाला मुक्त सोडणारे उत्स्फूर्त आलापन. या परंपरेतले थोर वादक चिकुझान ताकाहाशी (१९१०-१९९८) यांची दृष्टी बालपणीच गेलेली, आणि तारुण्यात त्यांनी असेच दारोदार वाजवले होते.

आता ही शैली आणि एरेकी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत आघात प्रधान, दोन्हींत वेगाला मान. शामिसेनमध्ये नखी वरच्या दिशेने उचलून स्वर काढण्याला 'सुकुई' म्हणतात, डाव्या हाताच्या बोटाने तार उपटून स्वर काढण्याला 'हाजिकी'. गिटारवादक याच क्रिया वेगळ्या नावांनी रोज करतात. अडचण होती ती पडद्यांची. शामिसेनची बिनपडद्याची तार स्वरांच्या मधल्या जागा सहज दाखवते. गिटारचे पडदे त्या झाकून टाकतात. तिथे तार बाजूला ओढणे, बोटाने घसरत जाणे आणि स्वर कंपित करणारा दांडा हे उपाय हाताशी होते. अमेरिकेत ही साधने समुद्राच्या लाटांचा भास देण्यासाठी वापरली जात. त्सुगारूच्या चालीत त्यांनाच लोकगायकाच्या गळ्यातल्या हरकतीचे काम मिळाले.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळेल. शामिसेनची सर्वांत खालच्या स्वराची तार वरच्या टोकाला धातूच्या पट्टीवर टेकवत नाहीत. ती दांड्याच्या कडेला किंचित घासेल अशी ठेवतात. त्यामुळे स्वराला गुंजन करणारी एक किनार येते. तिला 'सावारी' म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना आपले कारागीर नेमके हेच साधतात. तार आणि लाकूड यांची जरा झटापट होऊ द्यायची, म्हणजे स्वर भरतो. जवारी आणि सावारी या शब्दांच्या साम्यावरून नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा. 'सावारु' म्हणजे स्पर्श करणे, त्यावरून सावारी. युरोपच्या अभिजात संगीताने तंतुवाद्याच्या स्वरातली अशी खरखर घासून काढण्यात आपली कारागिरी मानली. ज्या संस्कृतीत खरखर हा स्वराचा दागिना आहे, तिच्या कानाला विजेच्या गिटारीचा फाटता, करकरीत आवाज खरे तर अपरिचित वाटायला नको होता. शिक्षण मंडळातल्या वडीलधाऱ्यांना ज्या आवाजाची भीती वाटली, त्याचा एक दूरचा भाऊबंद त्यांच्याच देशाच्या जुन्या वाद्यात शतकानुशतके नांदत होता.

१९६६ मध्ये तेराउचींनी 'ब्लू जीन्स' सोडून 'बनीज' हा नवा बँड काढला. त्यांच्या १९६७ च्या एका तबकडीचे नाव 'सेइचो तेराउची बुशी' असे आहे. 'बुशी' म्हणजे लोकगीताची चाल, आणि 'सेइचो' हे विशेषण लोकगीताच्या शुद्ध, प्रमाण पाठाला लावतात. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'तेराउची चालीचा शुद्ध पाठ'. यात थट्टा आहे आणि दावाही आहे. लोकगीताचा शुद्ध पाठ कोणता, यावर घराण्यांचे वाद चालतात. विजेच्या गिटारीचा एक वादक येऊन म्हणतो, आमचीही चाल आहे, आणि आमचाही पाठ शुद्ध आहे.

'नियती'चे दार

बनीजची सर्वांत गाजलेली तबकडी त्याच वर्षीची, 'लेट्स गो उन्मेइ'. 'उन्मेइ' म्हणजे नियती. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी जपानमध्ये याच नावाने ओळखली जाते. तिचे दार ठोठावणारे चार स्वर तेराउचींनी एरेकीवर घेतले आणि मागे ढोलांचा दणका दिला. वर्षअखेरीस नवव्या जपान रेकॉर्ड पुरस्कारांत या कामाला संगीतसंयोजनाचे पारितोषिक मिळाले.

या निवडीतली खोच समजण्यासाठी जपानमधले बेथोव्हेनचे स्थान लक्षात घ्यावे लागते. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन कैद्यांनी १ जून १९१८ रोजी बांदो येथील छावणीत नववी सिंफनी वाजवली, हे तिचे जपानमधले पहिले संपूर्ण वादन मानतात. पुढे तीच नववी सिंफनी वर्षाच्या शेवटी सामूहिकपणे गाण्याचा देशभर प्रघात पडला. बेथोव्हेन म्हणजे सुसंस्कृतपणाची खूण. शिक्षक ज्याच्यापुढे नतमस्तक होत, तोच संगीतकार बंदी घातलेल्या वाद्यावर वाजत होता. त्याला वाह्यात कसे म्हणायचे?

हा डाव होता की निखळ हौस? दोन्ही असावे. रेकॉर्ड कंपनीला नावीन्य हवे होते आणि खपही. वाद्याला प्रतिष्ठा हवी होती. आजच्या कानाला ते संयोजन काही ठिकाणी बाळबोध वाटते. सिंफनीच्या उभारणीतला ताण बाजूला राहतो आणि ओळखीच्या स्वरांचा आनंद तेवढा उरतो. त्सुगारूच्या चालीत वाद्य आणि चाल एकमेकांना जे देतात, ते बेथोव्हेनमध्ये घडत नाही. तिथे एरेकी परीक्षा देत असते. ती उत्तीर्ण झाली, याची पावती म्हणजे ते पारितोषिक.

शाळेच्या सभागृहात

तोपर्यंत काळ पुढे सरकला होता. १९६६ च्या उन्हाळ्यात बीटल्सनी टोकियोच्या बुदोकानमध्ये कार्यक्रम केले. त्यानंतर गाणाऱ्या बँडची, 'ग्रुप साउंड्स'ची लाट आली आणि निव्वळ वाद्यसंगीत मागे पडले. व्हेंचर्सनी त्यातून वाट काढली ती जपानी गायकांसाठी चाली देऊन. तेराउचींनी काही काळाने 'ब्लू जीन्स' पुन्हा उभा केला आणि वाट धरली ती शाळांची. दूरचित्रवाणीचा झोत दुसरीकडे वळला असताना हा माणूस गावोगावच्या विद्यालयांत जाऊन, आडव्या फळ्यांच्या व्यायामशाळेत मुलांना मांडीवर बसवलेल्या गिटारीची ओळख करून देत राहिला. १९७० च्या दशकात त्यांनी सोव्हिएत संघाचाही दौरा केला. पण त्यांचा खरा मुक्काम जपानी शाळांत होता.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. १९६५ मध्ये एरेकी शाळेबाहेर होती, पण शामिसेन तरी आत कुठे होते? मेइजी काळात, १८७९ मध्ये, सरकारने संगीतशिक्षणाची चौकशी करणारी संस्था स्थापन केली. शुजी इसावा तिचे प्रमुख. तेव्हापासून शालेय संगीत पाश्चात्त्य पायावर उभे राहिले, ऑर्गनवर, पाश्चात्त्य चालींवर, शालेय गीतांवर. शामिसेनचा संबंध नाटकशाळा आणि रंगमहालांशी. ते सभ्य मुलांच्या कानी पडू नये, असे सुधारकांना वाटे. बाल्यावस्थेत ऐकलेले शामिसेन आणि तारुण्यात निवडलेली एरेकी, तेराउचींची ही दोन्ही वाद्ये शिक्षणखात्याच्या दृष्टीने नापास होती. एक अतिशय जुने म्हणून, दुसरे अतिशय नवे म्हणून. त्यामुळे शाळेच्या सभागृहात ते जेव्हा एरेकीवर 'त्सुगारू जोंगारा' वाजवत, तेव्हा दोन बहिष्कृतांचा एकाच वेळी शाळाप्रवेश होत असे. जपानी पारंपरिक वाद्यांचे शिक्षण कनिष्ठ माध्यमिक शाळांत सक्तीचे व्हायला २००२ साल उजाडावे लागले.

हिशेब

जपानी रॉकच्या इतिहासात १९७०-७१ च्या वादाला मोठे स्थान दिले जाते. रॉक जपानी भाषेत गाता येईल का, हा तो वाद. एका बाजूला जपानी शब्दांचा आग्रह धरणारा 'हॅपी एंड' हा बँड, दुसऱ्या बाजूला रॉक इंग्रजीतच गायला हवा असे मानणारे युया उचिदा. या उचिदांनी उमेदीच्या काळात तेराउचींच्या 'ब्लू जीन्स'बरोबर गायन केले होते. वाद पेटला तेव्हा तेराउचींचे नाव त्यात फारसे कोणी घेतले नाही. ते गात नव्हते, तर भाषेच्या वादात त्यांचे काय काम? पण प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. परक्या वाद्याला आपले उच्चार शिकवता येतात का, हा त्याच्या तळाचा प्रश्न होता आणि त्याचे एक उत्तर चार-पाच वर्षे आधीच तारेवर देऊन झाले होते.

त्यांच्या मार्गाला मर्यादा होत्या, हेही मान्य करायला हवे. शाळेत रुजू होण्यासाठी एरेकीला सज्जन व्हावे लागले. रॉक संगीताची धार ज्या बंडखोरीत असते, ती या सभागृहांत बोथट झाली, अशी तक्रार रास्त आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानी विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे उठाव होत होते, त्यांचा आवाज तेराउचींच्या गिटारीत ऐकू येत नाही. पण बंडखोरीचा वारसा सांगणाऱ्या कित्येकांच्या हाती ते वाद्य विनासायास आले, कारण कोणीतरी आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून परवानग्या मागितल्या होत्या. इतिहासात अशा मध्यस्थांची नोंद पातळ शाईने होते.

ताकेशी तेराउची १८ जून २०२१ रोजी वारले. वय ८२. आज जपानी शाळा-महाविद्यालयांत रॉक बँडची मंडळे ही सामान्य बाब आहे आणि कोणाचाही पालक त्यासाठी तक्रार घेऊन जात नाही. अशिकागातल्या ज्या मुलांना १९६५ मध्ये गिटार घ्यायला मनाई होती, ती आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांच्या वर्गात शामिसेनही पोहोचले आहे आणि एरेकीही.